भारतात बायकांना मताचा हक्क ‘न मागता’ मिळाला का?

प्रश्न असा आहे: ‘मुलीच्या शाळेत मतदानावर प्रकल्प आहे. इंग्लंडमधल्या बायकांनी मतासाठी तुरुंग भोगला, उपोषणं केली. आपल्याकडे मात्र राज्यघटना आली आणि स्त्रियांना हा हक्क न मागताच मिळून गेला, असं तिच्या बाईंनी वर्गात सांगितलं. हे बरोबर आहे का? आणि तिनं प्रकल्पात लिहायचं काय?’

बाईंचं अर्धं बरोबर आहे. घटनेच्या ३२६ व्या कलमानं सगळ्या प्रौढांना एकदम मत दिलं, बाई-पुरुष असा भेद ठेवला नाही. पण ‘न मागता’ हा शब्द खोडायला सांगा. मागणं १९१७ पासून चालू होतं. त्यासाठी शिष्टमंडळं गेली, सभा झाल्या, ठराव झाले, मुंबईच्या एका मायलेकीनं लंडनपर्यंत धडक मारली. मुंबई प्रांतातल्या काही बायकांनी तर घटना येण्याच्या पाव शतक आधी प्रांताच्या कायदेमंडळासाठी मत टाकलं होतं. ‘काही’ या शब्दाकडे लक्ष असू द्या. माझं पुढचं बरंचसं सांगणं त्याच्याभोवतीच आहे.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो, आणि मधली बरीच वर्षं निवडणूक शाखेत मतदार याद्या करण्यात गेली. नवीन नावं, वगळणी, दुबार नावं, हरकती, पुरवणी याद्या हेच आमचं रोजचं. त्यामुळे हा इतिहास वाचताना माझं लक्ष भाषणांपेक्षा एकाच गोष्टीकडे जातं: यादीत नाव कुणाचं आलं, आणि कोणत्या अटीवर?

सुरुवात मला १९११ च्या काश्मीरपासून करावीशी वाटते. मुंबईच्या हेराबाई टाटा आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला, मिठनला, घेऊन श्रीनगरला सुट्टीवर गेल्या होत्या. (टाटा म्हटल्यावर लगेच जमशेटजींच्या घराण्याकडे जाऊ नका. हेराबाईंचे यजमान अर्देशीर हे कापडगिरणीत काम करणारे गृहस्थ. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या बायकोनं पुढे शिकावं म्हणून त्यांनीच घरी मास्तर लावले होते.) तिथं हाउसबोटीवर त्यांना एक बाई भेटली. तिच्या अंगावर हिरवा, पांढरा आणि पिवळा असा तीन रंगांचा छोटासा बिल्ला होता, त्यावर मजकूर होता ‘बायकांना मत द्या’. हेराबाईंनी साहजिकच विचारलं, हे काय? ती बाई होती राजकन्या सोफिया दुलीपसिंग, महाराजा रणजितसिंगांची नात. वाढली इंग्लंडमध्ये, आणि तिथल्या बायकांच्या चळवळीत उतरलेली. नोव्हेंबर १९१० मध्ये लंडनच्या पार्लमेंटसमोर पोलिसांनी बायकांना झोडपून काढलं, त्या मोर्चात ती पुढच्या फळीत होती. ‘मत नाही तर कर नाही’ म्हणून तिनं कर नाकारला, तेव्हा सरकारनं तिचे दागिने जप्त करून लिलावात काढले. हेराबाईंच्या डोक्यात हा विषय शिरला तो त्या बिल्ल्यानं. मिठननं पुढे आपल्या आठवणींत तसं लिहून ठेवलं आहे.

आता १९१७. भारतमंत्री मॉन्टेग्यू यांनी २० ऑगस्टला पार्लमेंटमध्ये जाहीर केलं की हिंदुस्थानला टप्प्याटप्प्यानं जबाबदार राज्यपद्धती द्यायची आहे, आणि लोकांची गाऱ्हाणी ऐकायला ते स्वतः इकडे आले. त्याच वर्षी मद्रासजवळ अड्यारला विमेन्स इंडियन असोसिएशन स्थापन झाली होती. तिच्यात मार्गारेट कझिन्स नावाच्या आयरिश बाई होत्या. आयर्लंडमध्ये मतासाठी सरकारी इमारतींच्या काचा फोडून तुरुंगात जाऊन आलेल्या. (याच बाईंनी १९१९ मध्ये मदनपल्लीला रवींद्रनाथांसोबत बसून ‘जन गण मन’ची चाल स्वरलिपीत उतरवली. मुलीला ही गोष्ट नक्की आवडेल.)

या भागात माझ्यातल्या कारकुनाला गंमत वाटते ती अशी, की कझिन्सबाईंनी भेट मागितली होती मुलींच्या शिक्षणाच्या प्रश्नावर. वरून कळलं की मंत्रीमहाशय फक्त राजकीय मागण्यांची शिष्टमंडळं भेटीला घेतात, शिक्षणाचं इथं नाही. सरकारी खिडकीवरचं हे उत्तर मी स्वतः शेकडो वेळा दिलं असेल: ‘हे इथं नाही, पलीकडच्या टेबलावर.’ बाईंनी काय केलं, तर अर्जच राजकीय केला. नव्या राज्यकारभारात जे मताचे हक्क द्याल ते बायकांनाही द्या, लिंगामुळे आम्हांला अपात्र ठरवू नका, हे कलम त्यात घातलं. १८ डिसेंबर १९१७ रोजी सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली बायकांचं शिष्टमंडळ मद्रासला मॉन्टेग्यूंना भेटलं. ॲनी बेझंट त्यात होत्या. मुंबईहून गेलेल्या एक तरुण डॉक्टर होत्या, तेव्हाच्या कुमारी जोशी, पुढच्या राणी लक्ष्मीबाई राजवाडे. शिक्षण आणि आरोग्याच्या मागण्या होत्याच, पण इतिहासात राहिली ती मताची ओळ.

त्यानंतर काँग्रेसच्या व्यासपीठांवर हा विषय भराभर सरकला. सरोजिनीबाईंनी १९१८ मध्ये विजापूरच्या प्रांतिक परिषदेत तो मांडला. त्याच वर्षी मुंबईला काँग्रेसचं खास अधिवेशन झालं, तिथं ठराव झाला की पुरुषाला जी पात्रता लावाल ती ज्या बाईत असेल तिला केवळ बाई म्हणून वगळू नये. वर्षअखेर दिल्लीला सरलादेवी चौधुराणींनी बाजू मांडली. इंग्लंडमधल्या बायकांना आपल्याच पुढाऱ्यांशी जसं वर्षानुवर्षं झगडावं लागलं तसं इथं फारसं झालं नाही, हे कबूल करायला हवं. इथल्या पुढाऱ्यांना स्वतःच मत मागायचं होतं. बायकांना नको म्हणून आपलीच बाजू लंगडी करणं त्यांना परवडणारं नव्हतं. बाईंच्या ‘न मागता’मध्ये सत्याचा अंश असेल तर तो एवढाच.

अडवलं ते सरकारनं. मताची पात्रता ठरवायला लॉर्ड साउथबरो यांची समिती १९१८-१९ च्या हिवाळ्यात देशभर फिरली. समितीपुढे बायकांची निवेदनं आली. समितीनं निष्कर्ष काढला की हिंदुस्थानी समाजाची स्थिती पाहता हे घाईचं होईल. पडद्यातल्या बायका मतदानाला येणार कशा, पुरुषांनाच अजून मत नीट टाकता येत नाही तिथं बायकांचं काय, असा एकूण सूर. अहवाल वाचून मुंबईच्या बायकांनी निषेधसभा घेतली. व्हाइसरॉयच्या मंडळातले सर शंकरन नायर मात्र बायकांच्या बाजूनं होते.

पडद्याच्या मुद्द्यावर मला थोडं थांबू द्या, कारण इथं माझा अनुभव बोलतो. मतदान केंद्राध्यक्षाला जी पुस्तिका मिळते तिच्यात पडदानशीन बायकांसाठी सूचना असते: अशा बायका जास्त असतील तर आडोसा करा, एक महिला कर्मचारी ठेवा, ओळख पटवणं आणि बोटाला शाई लावणं तिथंच करा. संपलं. आमच्या प्रशिक्षणात या गोष्टीला पाच मिनिटंही लागत नसत. भिवंडीसारख्या गावात काम केलेल्या कुणालाही विचारा, बुरख्यातल्या बायकांमुळे मतदान अडलंय असं कधी झालं का म्हणून. अडतं ते यादीत नाव नसलं की. ज्या अडचणीसाठी देशातल्या निम्म्या माणसांना बाजूला ठेवा म्हणून एका लॉर्डांच्या समितीनं लिहून दिलं, ती अडचण एक चादर आणि एक शिक्षिका यांनी सुटणारी होती.

मग लंडन. सुधारणांचं विधेयक पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे होतं. १९१९ मध्ये बेझंटबाई आणि सरोजिनी नायडू तिथं साक्ष द्यायला गेल्या, आणि मुंबईच्या बायकांच्या समितीनं हेराबाई आणि मिठन या मायलेकींना पाठवलं. काश्मीरच्या त्या बिल्ल्याला तोवर आठ वर्षं झाली होती. मिठन एकवीस वर्षांची होती. या दोघींनी समितीपुढे बाजू मांडली, खासदारांच्या भेटी घेतल्या, तिथल्या बायकांच्या संघटनांपुढे गावोगाव भाषणं केली, पत्रकं वाटली. पैशांची ओढाताण कायम. हेराबाई मुंबईला जायजी पेटिट यांना पत्रं लिहीत, त्यांत कामाच्या हकिकतीबरोबर खर्चाची विवंचनाही असे. मिठननं तिथंच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं, लिंकन्स इनमधून १९२३ मध्ये बॅरिस्टर झाली, परत येऊन मुंबई हायकोर्टात वकिली करणारी पहिली बाई ठरली. लग्नानंतरचं नाव मिठन लाम. १९४७ मध्ये त्या मुंबईच्या शेरीफ झाल्या. आपल्या पाठ्यपुस्तकांत या मायलेकींना चार ओळी मिळायला काय हरकत होती, कळत नाही.

पार्लमेंटनं काय दिलं? ना हो, ना नाही. १९१९ च्या कायद्याखालच्या नियमांत असं ठेवलं की बायका मतदार नाहीत, पण एखाद्या प्रांताच्या कायदेमंडळानं ठराव केला तर ही अपात्रता त्या प्रांतापुरती काढता येईल. फाइल खाली पाठवण्याची ही जुनी रीत. निर्णय द्यायचा नसला की ‘स्थानिक पातळीवर उचित कार्यवाही करावी’ असा शेरा मारायचा. लंडनच्या साहेबांना वाटलं असेल, इथले सनातनी पुरुष कसले ठराव करतात!

त्यांनी केले. मद्रासनं एप्रिल १९२१ मध्ये केला, आणि त्याच वर्षी मुंबईनं केला. संयुक्त प्रांतात १९२३ मध्ये झाला. बंगालनं १९२१ मध्ये नाकारला होता, चार वर्षांनी मान्य केला. मध्यप्रांतात १९२७ उजाडलं. म्हणजे एकाच मराठी मुलखात पुण्याच्या बाईला १९२१ मध्ये हक्क, नागपूरच्या बाईला १९२७ मध्ये, आणि तिकडे नांदेड-परभणी निजामाच्या राज्यात, तिथं हा कायदा लागूच नव्हता. मामेबहिणी तीन गावांत दिल्या असतील तर तिघींचं नागरिकत्व तीन तऱ्हेचं.

मुंबई प्रांतात या कामात पुढे होत्या रमाबाई रानडे. त्यांना आपण ‘न्यायमूर्तींच्या पत्नी’ म्हणून पाटीपेन्सिल घेऊन बसलेल्या ओळखतो. पुण्याचं सेवासदन उभं करणाऱ्या, साठीच्या उंबरठ्यावर रस्त्यावर उतरलेल्या रमाबाई मात्र कमी ठाऊक आहेत. १९२० च्या सुमाराला पुण्याच्या नगरपालिकेपुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न होता. मुलग्यांचं आधी करू, मुलींचं पैसे आल्यावर बघू, असा एक वजनदार पक्ष होता आणि त्या पक्षाच्या मागे टिळकही होते. रमाबाईंनी बायका जमवल्या, सभा घेतल्या, मिरवणूक काढली. विठ्ठल रामजी शिंदे मुलींच्या बाजूनं उभे राहिले. हे प्रकरण मताच्या चळवळीहून वेगळं समजू नका. नगरपालिकेत बसून ‘पैसे आल्यावर’ म्हणणाऱ्यांना बायकांच्या मतांची भीती नव्हती, म्हणून तसं म्हणता येत होतं. पुढच्याच वर्षी रमाबाई कायदेमंडळाच्या मताच्या मागणीत पुढे दिसतात, यात मला काही योगायोग वाटत नाही.

आता माझ्या विषयाकडे येतो. १९२१ मध्ये मुंबई प्रांतातल्या बायकांना मत मिळालं, म्हणजे कुणाला मिळालं?

त्या काळी मत माणसाला नव्हतं, मालमत्तेला होतं. ग्रामीण भागात मतदार व्हायचं तर तुमच्या नावावर निदान ३२ रुपये आकाराची, म्हणजे तेवढा सरकारी सारा बसणारी, जमीन हवी. रत्नागिरी, पंचमहाल अशा एकदोन जिल्ह्यांत ती मर्यादा १६ रुपये होती. शहरात घरभाडं किंवा आयकर पाहत. दुष्काळी पट्ट्यातल्या हलक्या जिरायतीत ३२ रुपये आकार भरायला चांगला ऐसपैस खातेदार लागे, त्यामुळे गावातले बहुतेक पुरुषही बाहेरच. आणि ठरावानं काय केलं होतं? बाई ही अपात्रता काढली होती, ३२ रुपयांची अट नव्हती काढली.

मग खातं कोणत्या बाईच्या नावावर असे? मी जुनी फेरफारं पुष्कळ चाळली आहेत. एकत्र कुटुंबातली जमीन कर्त्याच्या नावावर. तो गेला की मुलांच्या, मुलं अज्ञान असली तर ‘अ. पा. क.’ (अज्ञान पालनकर्ता) लावून आईचं नाव पालनकर्ती म्हणून मागे. विधवेला अन्नवस्त्राचा हक्क, जमिनीचा नाही. नवरा विभक्त असेल, मुलगा नसेल, तर बाईचं नाव खात्यावर लागायची शक्यता, तीही तिच्या हयातीपुरती. हिंदू विधवेला कायद्यानं नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा मिळाला १९३७ मध्ये, मुलीला वारसाहक्क १९५६ मध्ये. म्हणजे १९२३ च्या निवडणुकीत मत टाकायला पात्र असलेली गावातली बाई डोळ्यांसमोर आणायची झाली तर बहुधा ती मोठ्या वतनाची निपुत्रिक विधवा होती. सधवा, चार मुलांची आई, दिवसभर शेतात राबणारी बाई त्या यादीत यायला वावच नव्हता. देशभरात मिळून तीन लाखांच्या थोड्या वर बायका मतदार झाल्या, त्या अशा.

तरीही ते दार किलकिलं झाल्याचा उपयोग झाला. १९२३ मध्ये मुंबई महापालिकेत सरोजिनी नायडू आणि अवंतिकाबाई गोखले निवडून गेल्या. अवंतिकाबाई म्हणजे गांधींचं मराठीतलं पहिलं चरित्र लिहिणाऱ्या, चंपारणला जाऊन काम करून आलेल्या. प्रांतिक कायदेमंडळाच्या निवडणुकीला उभं राहण्याचा हक्क बायकांना १९२६ पासून मिळायला लागला. मत देता येतं पण उभं राहता येत नाही, अशी मधली पाच वर्षं होती, हे लोक विसरतात. त्या वर्षी कमलादेवी चट्टोपाध्याय मंगळूरकडून उभ्या राहिल्या आणि थोडक्यात पडल्या. पुढच्या जानेवारीत पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. विषय शिक्षणाचा होता. पण ही संघटना पाचच वर्षांत मताच्या वादात सगळ्यांत पुढे गेली.

तो वाद माझ्या दृष्टीनं या साऱ्या हकिकतीतला सर्वांत मोलाचा भाग आहे. तुरुंग नाही, लाठ्या नाहीत, पण नेमकं दुखणं तिथं उघडं पडलं. १९३० नंतर नव्या राज्यघटनेच्या वाटाघाटी चालू झाल्या. बायका मतदार फारच थोड्या आहेत, वाढवायच्या कशा? सरकारी डोक्यातून उत्तर निघालं: मतदार असलेल्या पुरुषाच्या बायकोला मत द्या. लॉर्ड लोथियन यांची समिती १९३२ मध्ये फिरली, तिचा कल असाच होता. शिवाय साक्षर बाईला मत. ऐकायला बरं वाटतं. आकडा एकदम वाढतो.

बायकांच्या तिन्ही मोठ्या संघटनांनी एकत्र येऊन याला नकार दिला. आम्हांला कुणाची बायको म्हणून मत नको, प्रत्येक प्रौढ माणसाला द्या आणि त्यात आम्ही येऊ. राखीव जागाही नकोत. १९३३ मध्ये राजकुमारी अमृत कौर, डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी आणि शरीफा हमीद अली (अब्बास तय्यबजींची मुलगी) यांनी लंडनला जाऊन हेच सांगितलं. सगळ्याच बायका या मताच्या नव्हत्या. लोथियन समितीत असलेल्या राधाबाई सुब्बरायन यांना वाटे की आत्ता मिळतंय तेवढं घ्यावं, राखीव जागाही घ्याव्या. दोन्ही बाजूंना वजन होतं. राखीव जागा नाकारणं मला आज चुकीचं वाटतं. पण ‘नवऱ्याच्या नावावरचं मत’ नाकारलं ते अगदी बरोबर. नवऱ्याच्या खात्यावर लटकवलेलं मत खात्याबरोबर वर-खाली होणार, हे महसुलातला कोणीही सांगेल. वाटणी झाली, जमीन गहाण पडून गेली, आकार मर्यादेखाली आला, की नवऱ्याबरोबर तिचंही गेलं.

या बाबतीत आणखी एक नाव घ्यायला हवं. डॉ. आंबेडकर मुंबई प्रांतातर्फे सायमन कमिशनबरोबर काम करणाऱ्या समितीत होते. इतर सभासदांशी पटलं नाही म्हणून त्यांनी मे १९२९ मध्ये आपला वेगळा अहवाल दिला आणि त्यात प्रौढ मताधिकार मागितला. जमीन, शिक्षण, उत्पन्न यांची अट एकदा ठेवली की अस्पृश्य आणि बाई दोघंही त्याच दारात अडतात, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नव्हतं.

अखेर १९३५ च्या कायद्यात बायकोचं मत आलंच, साक्षरतेचंही आलं, आणि प्रांतांमध्ये मिळून ४१ राखीव जागा आल्या. बायका मतदार साठ लाखांवर गेल्या, पुरुष त्याच्या जवळजवळ पाचपट. त्यातही बायकांनी आपणहून अर्ज केला तरच नाव घालायचं, अशी अट काही ठिकाणी होती आणि तिच्यावरून बायकांच्या संघटनांनी बरीच ओरड केली. ओरड रास्त होती. अर्ज करावा लागतो म्हटलं की निम्मी नावं गळतात. आजही गळतात. १९३७ च्या निवडणुकीत हंसा मेहता मुंबईच्या कायदेमंडळात आल्या आणि संसदीय सचिव झाल्या. पुढे घटना समितीत त्या होत्याच.

इंग्लंडची तुलना करताना मुलीला एवढं जरूर लिहू द्या की तिथंही १९१८ मध्ये जे मिळालं ते तीस वर्षांवरच्या आणि स्वतःची किंवा नवऱ्याची मालमत्ता असलेल्या बायकांना. पुरुषांना २१ व्या वर्षी. बरोबरी झाली १९२८ मध्ये. म्हणजे १९२१ च्या मुंबई प्रांतात बाई आणि पुरुष यांच्या अटी, कागदावर तरी, सारख्या होत्या, आणि लंडनमध्ये तेव्हा नव्हत्या. तिथल्या बायकांचे हाल याहून कितीतरी जास्त, हेही खरंच. एमिली डेव्हिसन १९१३ मध्ये राजाच्या घोड्यापुढे गेली आणि जिवाला मुकली, उपोषण करणाऱ्यांच्या नाकातोंडात नळ्या घातल्या. आपल्याकडे मतासाठी तसं कुणाला भोगावं लागलं नाही. इथल्या बायका तुरुंगात गेल्या त्या मिठासाठी आणि स्वराज्यासाठी.

आता शेवटचा टप्पा, यादीचा. स्वातंत्र्यानंतर पहिल्या निवडणुकीच्या याद्या झाल्या तेव्हा देशभरात सुमारे आठ कोटी बायका मतदार व्हायच्या होत्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे असा पेच आला की लाखो बायकांनी स्वतःचं नावच सांगितलेलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. सेन यांनी ठरवलं, स्वतःच्या नावाशिवाय नोंद नाही. मुदत वाढवून दिली, फिरून नावं गोळा करायला लावली, तरी २८ लाखांच्या आसपास बायका पहिल्या मतदानाला मुकल्या. मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश या भागांत. कडक वाटतं, पण निर्णय योग्य होता. पुढच्या यादीपर्यंत बहुतेकींची नावं आली.

आमच्याकडे याच्या उलट होतं. बाई स्वतःचं नाव पटकन सांगते, पण यादीत आणखी एक रकाना असतो, वडिलांचं किंवा पतीचं नाव. तिथं पेन अडायचं. नोकरीच्या सुरुवातीला एका वाडीत घरोघर पडताळणी करत होतो. सत्तरीच्या आजीबाई, घरात दुसरं कोणी नाही. नवऱ्याचं नाव विचारलं तर हसून पदर तोंडाला. मी आपला उन्हात उभा, हातात नमुना, बरोबर कोतवाल. कोतवाल म्हणाला, ‘साहेब, असं नाही सांगायच्या, उखाणा घ्यायला लावा.’ आजींनी घेतला: ‘दारापुढं पिंपळ, पिंपळाला पार, दगडूरावांचं नाव घेते, लिहून घ्या सरकार.’ मी लिहून घेतलं. त्या रकान्यात उखाण्यावरून भरलेली नावं आमच्या तालुक्यात किती असतील, देव जाणे.

आणि एक चूक माझ्या हातची. नव्वदीच्या दशकात एका पुनरीक्षणात गावच्या यादीतून लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं मी वगळली. नियमाप्रमाणेच, पोलीस पाटलाच्या सांगण्यावरून, ‘स्थलांतरित’ असा शेरा मारून. सासरच्या गावी नाव लावायला नवीन अर्ज लागतो, तो त्यांनी करायचा. निवडणुकीच्या दिवशी त्यांतली एक माहेरपणाला आली होती, ती केंद्रावर आली. इथून नाव कमी झालेलं, तिकडे अजून लागलेलं नाही. मला विचारलं, ‘मग माझं मत आहे कुठं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं, सही माझीच होती. त्या दिवसानंतर सासरच्या यादीत नाव आल्याची खात्री केल्याशिवाय लग्नाच्या कारणावरून नाव कमी करायचं नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. वरिष्ठांनी दोनदा विचारणा केली, वगळणी एवढी कमी का म्हणून. तशीच राहू दिली.

प्रकल्पासाठी माझी सूचना अशी: सालं आणि नावं वरची घेऊ द्या, पण एक पान घरासाठी ठेवायला सांगा. घरातल्या, नाहीतर शेजारच्या, सर्वांत म्हाताऱ्या बाईला तीन गोष्टी विचारायच्या. यादीत तुमचं नाव पहिल्यांदा कधी लागलं, माहेरच्या नावानं की सासरच्या, आणि ते नोंदवायला आलेल्या माणसाला नाव तुम्ही स्वतः सांगितलंत की दुसऱ्या कुणी?